नाही म्हणायची रीत

जो पुढे बसेल त्याने सगळ्यांची सेवा करावी, या तत्त्वावर त्या ख्रिस्ती मंडळीत आजवर कधीही मतभेद झालेला नाही. मतभेद झाला तो फक्त पुढे कोणी बसायचं यावर, आणि तोही तीन वर्षांतून एकदाच.

मंडळीचा कारभार पाच जण बघत. त्यांना वडील म्हणत, वय काहीही असो. मागे एकदा सत्तावीस वर्षांचा एक जण वडील झाला होता आणि साठीतले लोक त्याला ‘वडील, जरा सरका’ म्हणत. वडील व्हायची एक रीत होती. सभेत नाव पुकारलं की माणसाने उठून म्हणायचं, मी लायक नाही. सभेने पुन्हा विचारायचं. त्याने म्हणायचं, माझ्याहून योग्य माणसं बसलीत, त्यांना विचारा. तिसऱ्यांदा विचारल्यावर नुसती मान हलवायची, जमल्यास डोळे पुसायचे. मग सभेने त्याचं काही एक ऐकायचं नाही. ही रीत कुठेही लिहिलेली नव्हती, त्यामुळे ती मोडायची सोय नव्हती.

विहीरवाल्याच्या बापाने ती एकतीस वर्षांपूर्वी पाळली होती. तोही विहिरीच खोदायचा. प्रार्थनाघराच्या आवारातली विहीर त्याच्याच हातची. नाव पुकारल्यावर तो उठला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, “मी लायक नाही.” दुसरा नकार तोंडात तयार होता, आठवडाभर पहार मारता मारता त्याने तो पाठ केला होता. अध्यक्ष म्हणाले, “बरं,” आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं. तो तसाच उभा राहिला. शेवटी मागच्या माणसाने शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

आता म्हातारा दाराजवळच्या खाटेवर असे. चाळीस वर्षं दगडाची धूळ छातीत गेली होती. ती आता श्वासाला आत येऊ देत नव्हती. बोलताना तो चार शब्दांनी थांबे, आणि थांबल्यावर पुढचे शब्द कोणते ते विसरत नसे.

“तुला विचारलं ना,” तो मुलाला सांगे, “तर हो म्हण. पहिल्याच दमात. आपल्याला ते... दुसऱ्यांदा विचारत नाहीत.”

“मला कोण विचारतंय, बाबा.”

“विचारतील. मी जायच्या आधी विचारलं तर... बरं होईल.”

लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नव्हता. आवारातल्या विहिरीत बादली सोडली की खरवडल्याचा आवाज यायचा आणि अर्धी बादली गाळ वर यायचा. त्याच सुमारास एक वडील कायमचे मुलीकडे राहायला गेले आणि एक जागा मोकळी झाली. पाळकसाहेबांनी विहीरवाल्याचं नाव सुचवलं ते मनापासून. बाकीच्यांनी माना हलवल्या त्याही मनापासूनच, कारण विहीर खोल करणं गरजेचं होतं आणि ते काम सेवा म्हणून व्हावं असं सर्वांचं मत होतं.

रविवारी उपासनेनंतर पुरुषांची सभा भरली. सभेचे अध्यक्ष मास्तर होते, शाळेतून निवृत्त झालेले, पण सभांमधून नाही. एरवी रस्त्यात ते विहीरवाल्याला ‘काय रे’ म्हणत. सभेत मात्र सगळे बंधू.

“बंधू,” मास्तर म्हणाले, “मंडळीची इच्छा आहे की तुम्ही वडील व्हावं. आपलं काय म्हणणं आहे?”

विहीरवाला उठला. “हो,” तो म्हणाला. “कधीपासून यायचं?”

कोणीतरी खोकलं. गिरणीवाल्याने भुवयांवरचं पीठ झटकलं. ते तिथे कायमच असे. मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

“म्हणजे, घाई नाही. विचार करून सांगा.”

“केलाय की विचार.”

“प्रार्थना करून सांगा.”

“ती पण केलीय.”

मास्तरांनी पेन बंद केलं. “मग आम्ही करतो,” असं म्हणून त्यांनी सभा तहकूब केली.

बाहेर येताना मंडळीत एकच विषय होता. पोटातलं इतकं लगेच ओठांवर येतं म्हणजे किती दिवसांची हाव असेल. गिरणीवाला म्हणाला की मला तर त्याच्या जागी बोलताच आलं नसतं, आणि ते खरं वाटावं म्हणून बराच वेळ बोलत राहिला.

घरी म्हाताऱ्याने विचारलं, “काय म्हणालास?”

“हो म्हणालो.”

“आणि ते?”

“प्रार्थना करतो म्हणाले.”

म्हाताऱ्याने बराच वेळ छताकडे पाहिलं. “करू दे,” तो म्हणाला. “हो म्हटलंस ना... झालं तर मग.”

सोमवारपासून विहिरीचं काम सुरू झालं. वर कप्पीवर विहीरवाल्याची बायको आणि तिची भावजय, खाली विहीरवाला आणि मेहुणा. सकाळी आधी पेटता कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडायचा. तो विझला नाही तर हवा चांगली. मग विहीरवाला उतरायचा, पहारीने कडेचे दगड ठोकून बघायचा, सैल असेल तो पाडायचा, आणि मगच मेहुण्याला हाक मारायचा. काम संपलं की मेहुणा आधी वर आणि विहीरवाला शेवटी. ज्याच्यावर कामाची जबाबदारी, तो पहिला खाली आणि शेवटचा वर. बापाने हे कधी समजावून सांगितलं नव्हतं. तो तसा उतरायचा एवढंच.

त्याच आठवड्यात आवारात तीन दिवसांचं शिबिर होतं, फक्त पुरुषांसाठी. विषय सेवकाचं नेतृत्व. विहिरीपासून पंचवीस पावलांवर मांडव घातला होता आणि भोंगा नेमका विहिरीकडे तोंड करून लावला होता. पस्तीस हात खाली कातळावर घण पडत होता आणि वरून पाळकसाहेबांचा आवाज गोल फिरत खाली येत होता.

“खाली उतरा, बंधूंनो! पुढारी व्हायचं असेल तर आधी खाली उतरा! अजून खाली!”

मेहुण्याने छिन्नी बाजूला ठेवली. “दाजी, साहेबांना सांगा, खाली दोघांपुरतीच जागा आहे.”

“घमेलं भर.”

“भरतो हो. पण ते सगळे एकदम उतरले तर दोर तुटायचा.”

विहीरवाला हसला आणि तोंडात धूळ गेली. त्याने थुंकून घण उचलला. गुडघ्यापर्यंत कोरडा गाळ, त्याखाली काळा कातळ. एका दिवसात वीतभर सरकायचा. वर बायका घमेली ओढत. तळहातांना फडकी गुंडाळलेली, फडक्यांना रक्ताचे डाग. दर घमेल्याला बायको वरून ओरडायची, “आलं!” आणि खालचे दोघे भिंतीला चिकटून उभे राहायचे, वरून काही सुटलं तर डोक्यात पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी शिबिरात प्रात्यक्षिक झालं. प्रत्येकाने शेजाऱ्याला आपल्या हाताने पाणी द्यायचं होतं. पाणी नव्हतं, म्हणून रिकाम्या पेल्यांवर सराव झाला. गिरणीवाल्याने पेला इतक्या नम्रपणे पुढे केला की मास्तर घोट घेऊन मोकळे झाले.

संध्याकाळी पाळकसाहेब विहिरीच्या काठावर येऊन बसले. चाळिशीचा, बारीक, सतत थकलेला माणूस. सहा मंडळ्या एकटा बघायचा आणि सहाही ठिकाणी त्याच्याबद्दल तक्रार होती.

“तुमचं नाव मीच सुचवलं होतं,” ते म्हणाले.

“कळलं मला.”

“येत्या रविवारी पुन्हा विचारणार आहेत. या वेळी एकदम हो नका म्हणू. एकदा नाही म्हणा. मी लगेच उठतो आणि दुसऱ्यांदा विचारतो.”

“पण मला व्हायचंय.”

“म्हणूनच नाही म्हणायचं.”

विहीरवाला हातावरचा चिखल सोलत होता. “साहेब, तुम्ही मला विचारलंत, विहीर खणाल का? मी हो म्हणालो. त्या वेळी तीनदा नाही म्हणालो असतो तर?”

“ते काम आहे,” ते म्हणाले. “हे पद आहे.”

“आणि दोन दिवस भोंग्यावर सांगताय ते?”

“ते शिबिर आहे,” पाळकसाहेब म्हणाले, आणि स्वतःच खाली बघू लागले. मग त्यांनी हात पुढे केला. “माझा शब्द आहे. मी उठतो.”

घरी बायकोने त्याच्याकडून तयारी करून घेतली. तांदूळ निवडता निवडता ती मास्तर झाली. “बंधू, आपलं काय म्हणणं आहे?”

“मी लायक नाही.”

“असं नाही हो! असं म्हणालात तर मलासुद्धा पटतं. जरा मान खाली घाला.”

“मी लायक नाही.”

“आता ठीक. आता साहेब उठतील.”

“नाही उठले तर?”

तिने सुपातला खडा काढून दाराबाहेर फेकला. “शब्द दिलाय ना त्यांनी.”

खाटेवरून आवाज आला. म्हातारा झोपलेला नव्हता. “नाही म्हणू नकोस,” तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि त्याला ढास लागली. ती थांबेपर्यंत विहीरवाला त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. हाताला बरगड्या एकेक करून लागत होत्या. “नाही म्हणत, बाबा,” तो म्हणाला.

रविवारी सभेत तो मागच्या भिंतीजवळ उभा होता. शर्ट धुतलेला, पण नखांतला काळा गाळ निघाला नव्हता, म्हणून हात मागे.

“बंधू,” मास्तर म्हणाले, “मंडळी पुन्हा एकदा विचारते. आपलं काय म्हणणं आहे?”

त्याने पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी किंचित मान हलवली.

“मी लायक नाही,” विहीरवाला म्हणाला.

पाळकसाहेब उठायला लागले. त्यांचे गुडघे अर्धे सरळ झाले होते. पण मास्तरांनी वही मिटली नव्हती, आणि त्यांचा आवाज पाळकसाहेबांच्या गुडघ्यांपेक्षा चपळ होता.

“पाहा बंधूंनो,” मास्तर भरल्या गळ्याने म्हणाले, “शिबिराचं फळ पाहा. गेल्या रविवारी हा माणूस काय म्हणाला होता आणि आज काय म्हणतोय! आपण याच्या नम्रतेचा मान राखू. कोणी आग्रह करू नये.”

सगळ्यांनी माना हलवल्या. पाळकसाहेब अर्धवट उभे होते. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, मंडळीकडे पाहिलं, खिशातून रुमाल काढला, त्याने खुर्ची पुसली आणि पुन्हा बसले. जणू तेवढ्यासाठीच उठले होते.

मग गिरणीवाल्याचं नाव पुकारलं गेलं. त्याने तीनदा नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी त्याला बोलता येईना. दोघांनी धरून त्याला पुढच्या बाकावर नेलं. टाळ्या वाजल्या. विहीरवाल्यानेही वाजवल्या. हात मागून पुढे आणावे लागले.

निघताना मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “काय रे,” ते म्हणाले, “पाणी कधी लागतंय?”

घरी पोचेपर्यंत त्याने काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. म्हातारा उशीला टेकून बसलेला होता. विंचरलेले केस. सुनेला सांगून त्याने विंचरून घेतले होते.

“काय म्हणालास?”

“हो म्हणालो.”

“मग?”

विहीरवाला चप्पल काढायला वाकला होता. वाकल्या वाकल्याच म्हणाला, “झालो.”

म्हाताऱ्याने हात पुढे केला आणि मुलगा तो धरायला पुढे झाला. पण हात धरायला नव्हता. म्हाताऱ्याने दोन बोटं आपल्या कपाळाला लावली, मोठ्या माणसाला करावा तसा नमस्कार केला. “वडील,” तो म्हणाला.

स्वयंपाकाच्या जागी बायकोच्या हातातलं भांडं थांबलं. नंतर मागच्या दारी ती हळूच म्हणाली, “खोटं बोललात.”

“हो.”

“आणि कळलं तर?”

“कोण सांगणार? ते इथे येतात का कोणी?”

एवढं बोलून त्याला आठवलं की आजाऱ्यांना भेटणं हे नव्या वडिलांचं पहिलं काम असतं.

गुरुवारी दोघे आले, पाळकसाहेब आणि गिरणीवाला. विहीरवाला नुकताच कामावरून आला होता, अंगावर गाळ तसाच. दारात गिरणीवाल्याला पाहून त्याचा चेहरा कातळासारखा झाला.

“या,” म्हातारा खाटेवरून म्हणाला. रविवारपासून त्याचा आवाज जरा मोकळा होता. “बसा गिरणीवाले. आणि मनाला लावून घेऊ नका.”

“काय, बाबा?”

“माझ्या पोराचं झालं... तुमचं राहिलं. तुमचा हक्क होता, मला कळतं. मी पण एकदा राहिलो होतो. बसल्या जागी दुखतं... कोणाला सांगता येत नाही.”

पाण्याचे पेले घेऊन आलेली सून तिथेच उभी राहिली. पाळकसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. ते मागच्या वर्षीचं होतं. गिरणीवाल्याने विहीरवाल्याकडे पाहिलं. विहीरवाला जमिनीकडे बघत होता. गिरणीवाल्याचं तोंड उघडलं. गेल्या रविवारी तीनदा दाटून आलेला तो गळा आता अगदी साफ होता.

“पुढच्या वेळी बघू, बाबा,” तो म्हणाला.

“पुढच्या वेळी... एकदम हो म्हणा.”

“म्हणतो.”

“तीनदा नाही बिही करत बसू नका.”

“नाही करणार.”

म्हातारा समाधानाने मागे टेकला. “वडील,” तो मुलाला म्हणाला, “प्रार्थना करा.”

विहीरवाला जागचा हलला नाही. सगळ्यांत आधी मान खाली घातली ती गिरणीवाल्याने. त्याच्या भुवयांवरचं पीठ घामाने ओलं झालं होतं. मग पाळकसाहेबांनी घातली. विहीरवाल्याने डोळे मिटले. “प्रभू,” तो म्हणाला, “बाबांना दम दे.” पुढे त्याला काही सुचलं नाही. बराच वेळ कोणी आमेन म्हटलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं अजून काही येईल. शेवटी म्हाताराच म्हणाला.

दाराबाहेर गिरणीवाला थांबला. “मला आधी सांगायला हवं होतंस.”

“चुकलं माझं.”

“नाही, म्हणजे...” त्याने डोकं खाजवलं. “बरं झालं नाही सांगितलंस. आधी कळलं असतं तर मी आलोच नसतो. मी तसला माणूस नाही.” आणि झपाझप निघून गेला.

पाळकसाहेब मागे रेंगाळले. “त्या दिवशी मी...”

“साहेब,” विहीरवाला म्हणाला, “तुमच्या चपला त्या बाजूला आहेत.”

पुढच्या मंगळवारी ऐन दुपारी शेजारीण पळत विहिरीवर आली. वरून बायकोची हाक आली, “अहो, वर या! बाबांना दम लागलाय!”

दोर एकाच वेळी एकालाच घेऊ शकत असे. मेहुण्याने दोराचा फास विहीरवाल्याच्या हातात दिला. “दाजी, तुम्ही जा आधी. जा!”

विहीरवाल्याने वर पाहिलं. घणाच्या हादऱ्याने पूर्वेकडच्या भिंतीला नुकताच तडा गेला होता आणि घमेल्याएवढा दगड तिथे लटकत होता. हातातलं घमेलं वर गेलं की तो पाडायचं ठरलं होतं. आता तो पाडत बसायला वेळ नव्हता, आणि त्याच्याखाली एकट्या माणसाला सोडून जाता येत नव्हतं. त्याने फास मेहुण्याच्या काखेखाली अडकवला.

“दाजी, ऐका...”

“ओढा!” तो वर ओरडला.

बायका ओढू लागल्या. मेहुणा जडशीळ होता. कप्पी करकरत होती. विहीरवाला पहार डोक्यावर आडवी धरून, दगडाकडे नजर लावून भिंतीला चिकटून उभा राहिला. मेहुणा वर गेला, फास सुटला, खाली आला, मध्येच एका टोकेरी दगडाला अडकला. झटका देऊन सोडवावा लागला. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटं गेली असतील. दगड पडला नाही.

तो घरी पोचला तेव्हा शेजारणीने म्हाताऱ्याचे डोळे मिटवून ठेवले होते. उशी काढून घेतली होती.

“काही म्हणाले?”

“म्हणाले की,” शेजारीण डोळे पुसत म्हणाली. “दोनदा विचारलं, ‘वडील आले का?’ शेवटी माणसाला आपला बापच आठवतो हो.”

पुढे कित्येक दिवस ती सगळ्यांना हेच सांगत राहिली, आणि ऐकणारे हळहळत. विहीरवाल्याने तिची चूक दुरुस्त केली नाही.

दफनभूमीतली जमीन दोन वर्षांच्या उन्हाने भाजलेल्या विटेसारखी झाली होती. खड्डा खणायची पाळी ज्या दोघांची होती त्यांनी कुदळीचे दहा-वीस घाव घातले आणि कपाळ पुसत बाजूला झाले. विहीरवाला घरून पहार घेऊन आला. मेहुणा मागोमाग उतरला. कमरेएवढं खोल झाल्यावर वरून माती ओढायला आणखी एक जण पुढे आला. वाकताना त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर लाल माती पडली. तो गिरणीवाला होता. त्याला घमेलं नीट धरता येत नव्हतं. कोणी त्याला काही म्हणालं नाही, आणि त्यानेही काही म्हटलं नाही. मास्तर कडेला छत्रीत उभे राहून खोली मोजत होते.

खड्डा झाल्यावर मेहुणा आधी वर आला. विहीरवाला तळ हाताने सपाट करत बसला होता. वरून दोनदा हाक मारावी लागली.

महिन्याभराने सगळ्या मंडळ्यांच्या वरच्या कचेरीचं पत्र आलं. ज्या मंडळीत शंभरापेक्षा कमी सभासद आहेत तिथली वडीलपदं चालू महिनाअखेरपासून बंद करण्यात येत असून कारभार पाळकांनी पाहावा, असं त्यात होतं. या मंडळीचे सभासद ब्याण्णव होते. म्हाताऱ्याचं नाव कमी केल्यावर एक्याण्णव.